पांढऱ्या सोफ्याचा खून

खून झाला होता तो सोफ्याचा. पांढराशुभ्र, आणि तपासाला आलेल्या लालासाहेब मान्यांच्या स्वतःच्या बैठकीच्या खोलीत दारातूनच आत गेला नसता एवढा लांब. विश्रामबागेतल्या उत्कर्षाच्या बंगल्यात तो आता चार लांब चिरा घेऊन पडला होता. आतला फोम फरशीभर सांडला होता.

"आणि हा आरोपी," उत्कर्षा म्हणाली.

आरोपी कपाटापाशी बसून मान वर करून बघत होता. उंच, सडपातळ, तपकिरी कुत्रा. नाव ऑस्कर.

"काल पाच वाजता मी घरी आले तर हे! मिस्टर म्हणतात, घरात एवढे दात दुसऱ्या कुणाला आहेत? आज चारला टेम्पो येतोय. कडेगावच्या मळ्यात पाठवणार याला, कायमचा. परवा मासिकवाले फोटो काढायला येणार होते, देखणं घर आणि लाडका प्राणी म्हणून. ताई, यानं नाही हो केलं."

'ताई' म्हणजे आम्रपाली कांबळे. विमा कंपनीत ती चौकशी अधिकारी होती, लालासाहेब तिथेच कारकून. नोकरी सुटल्यावर दोघांनी तपाससंस्था काढली. पाटीवर तिचं नाव मोठं आणि वर, त्यांचं खाली आणि इतकं बारीक की वाचायला त्यांना स्वतःलाच चष्मा लागे. त्याचं त्यांना काही वाटत नसे. दिवसातून चारदाच आठवे.

घर देखणं होतं. भिंतीवर उत्कर्षाच्या सासऱ्यांची काठी, सासऱ्यांचा कंदील, सासऱ्यांची मेंढ्या कातरायची कातर. सासऱ्यांच्या आयुष्यातली एकेक वस्तू निगुतीनं टांगलेली. सासरे तेवढे मागच्या खोलीत होते.

"सोफ्यावर मामंजींचं घोंगडंही असायचं, तिरपं टाकलेलं," उत्कर्षा म्हणाली. "तेवढं वाचलं. त्या कपाटावर मिळालं."

कपाटावर काळं घोंगडं होतं. व्यवस्थित चौघडी घातलेलं.

"ठेवलं कुणी?"

"जो तो म्हणतो, मी नाही."

आम्रपालीनं भिंतीचा जुना फोटो मागितला. उत्कर्षाच्या मोबाईलवर एकशे चाळीस होते. फोटोत कातरीची पाती ऐटीत फाकलेली. भिंतीवर आता ती मिटलेली, सुतळीनं बांधलेली.

"आवरून ठेवलीय," लालासाहेबांनी निष्कर्ष काढला.

"हो ना," आम्रपाली म्हणाली.

जबाबाला पहिली आली सोनम, उत्कर्षाची धाकटी बहीण. तीन दिवसांपूर्वी साताऱ्याहून आलेली.

"मीही घराचे फोटो पाठवले होते मासिकाला. माझ्याकडे दोन पर्शियन मांजरं आहेत. निवडलं कुणाचं? उत्कर्षाताईचं!"

"राग आला असेल," आम्रपाली म्हणाली.

"छे! फक्त तीन रात्री झोप नाही."

"काल दुपारी?"

"गच्चीवर, फोनवर होते."

"घोंगडं तुम्ही उचललंत?"

"ते? टोचतं. मी बोटसुद्धा लावत नाही."

लालासाहेबांनी वहीत तिचं नाव लिहून खाली दोन रेघा मारल्या.

उत्कर्षाचे यजमान विश्वजित चहा घेऊन आले आणि तो टेबलावर सांडला. त्यांनी कपाटावरचं घोंगडं ओढलं, चहा पुसला आणि ते खुर्चीवर भिरकावलं. दारात उभ्या म्हाताऱ्या सासऱ्यांनी तोंड फिरवलं आणि ते निघून गेले. ऑस्कर उठला, खुर्चीपाशी जाऊन बसला.

"बघा, आता माझ्यामागं लाडीगोडी!" विश्वजित म्हणाले. "ही घरात पाऊल टाकते ती 'ऑस्कर' करतच. मग मला विचारते, ऑस्कर जेवला का? अहो, मी जेवलो का?"

"हाकेला येतो का तो?"

"कसला! नुसती शेपूट हलवतो. ही बिस्किट घेऊन सोफ्यापर्यंत जाते. राजेसाहेब बसल्या जागी खातात."

लालासाहेबांनी सोनमचं नाव खोडून विश्वजितचं लिहिलं.

मागच्या खोलीत सासरे, आकाराम, खाटेवर बसले होते. कोपऱ्यात सुतळीनं आवळलेलं गाठोडं.

"आबा, कुत्रा कुणी आणला?"

"आनतंय कोन? माजंच हाय त्ये. वाघ्या. जतकडं मेंढरं व्हती तवाचं. लय गुनी. घोंगडं टाकून पान्याला गेलो, तर दोन-दोन तास राखत बसायचं. म्या परत घोंगडं खांद्यावर घेतलं, तरच उठायचं. दोन वर्सं झाली, मेंढरं इकली, हितं आलो, आन् वाघ्याचा ऑस्कर झाला."

"आता ओळखतो?"

"हाक मारली तर उठत न्हाई. सोफ्यावर लोळतंय सायबावानी. जाऊ द्या मळ्यात."

"गाठोडं कुठं निघालं?"

"कापडं हायती. धुवायची."

साडेतीनला आम्रपालीनं सगळ्यांना दिवाणखान्यात बसवलं.

"कुत्रा कापड ओढतो, चावतो, लाळ सोडतो. या चिरा सरळ आहेत. हत्यार समोरच्या भिंतीवर आहे. उत्कर्षाताईंनी कातर शोभेसाठी उघडी टांगली होती. काम झाल्यावर कुणीतरी ती मिटून बांधली. शोभेच्या वस्तूची अशी काळजी कुणी घेत नाही. ज्यानं आयुष्यभर मेंढ्या कातरल्या, त्याच्या हाताला मात्र उघडं पातं सोडवत नाही."

लालासाहेबांनी विश्वजितचं नाव हळूच खोडलं.

"मग घोंगडं. सोनमताई त्याला शिवत नाहीत. विश्वजितराव त्यानं चहा पुसतात. सोफ्याला हात लावण्याआधी ते उचलून, चौघडी घालून, पाय लागणार नाही अशा उंचीवर कोण ठेवेल? ज्यानं ते मेंढपाळांच्या बिरोबापुढं अंथरलंय, तोच. आणि आज घरातून फक्त कुत्रा जायचा होता. गाठोडं कुत्र्याचं नसतं."

"व्हय," आकाराम म्हणाले. "म्या केलं. आळ कुत्र्यावर येनार, त्येला मळ्यात धाडनार, ठावं हुतं; त्येच्यासंगं मीबी जानार हुतो. काठी भितीवर, कंदील भितीवर, कातर भितीवर. म्या काय बोललो न्हाई. पर कुत्रंबी तुमचंच झालं. आता मला कुटल्या खिळ्याला अडकिवनार हाईसा?"

एसी तेवढा घुमत राहिला.

"आबा," आम्रपाली म्हणाली, "तुम्ही स्वतःच शिकवलेलं विसरलात. घोंगडं कपाटावर होतं, कुत्रा कपाटापाशी. ते खुर्चीवर पडलं, कुत्रा खुर्चीपाशी. त्याआधी दोन वर्षं ते कुठं होतं?"

आकारामांनी फाटक्या सोफ्याकडे पाहिलं.

"तो लोळत नव्हता, आबा. तुम्ही पाण्याला गेलाय, असं धरून चालला होता. काल तुम्ही घोंगडं उचललंत, पण खांद्यावर घेतलं नाहीत."

म्हातारा उठला. खुर्चीवरचं घोंगडं त्यानं उचललं, चहाचा डाग बोटानं चोळला, झटकलं आणि खांद्यावर टाकलं.

हाक मारावी लागली नाही. कुत्रा उठला, अंग ताणलं आणि त्याच्या डाव्या पायाशी येऊन उभा राहिला. आकारामांचा हात कुत्र्याचा कान शोधत खाली गेला.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. विश्वजित घसा खाकरत म्हणाले, "टेम्पोत आता सोफाच देतो भरून."

"मामंजी," उत्कर्षानं विचारलं, "कातर काढू भिंतीवरनं?"

"ऱ्हाऊ दे, पोरी. फकस्त मिटल्याली ऱ्हाऊ दे."

मग तिनं हळूच हाक मारली, "ऑस्कर?"

शेपूट हलली. मान वळली नाही.

तिच्या चेहऱ्याकडे पाहून लालासाहेबांनी वही मिटली. तो चेहरा त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता. रोज कार्यालयात शिरताना, पाटीखालच्या काचेत तो त्यांना दिसत असे.