भय्याजीचा चार वाजताचा चहा

एकोडीला मी गेलो तो भांडी ठोकायला, लग्न करायला नव्हे. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या कारध्यात काही लोक अजूनही वेगळंच सांगतात.

साल एकोणऐंशी. धान कापून झालं होतं, दिवाळी सरली होती. मी छप्पन्न वर्षांचा. बायको जाऊन आठ वर्षं झालेली. पितळी भांड्यांची बुडं बदलायची, पोचे काढायचे, हा माझा धंदा. साकोलीच्या बाजारात एकीनं निरोप दिला, एकोडीच्या धुरपताबाईंकडे बरीच भांडी आहेत, त्यांना काही ती उचलून आणवत नाहीत, तुम्हीच जा. मंगळवारी मी हातोडी आणि लाकडी मोगरी पिशवीत टाकली आणि एस.टी. धरली.

घर गावाच्या टोकाला, बोडीच्या, म्हणजे लहानशा तळ्याच्या, पाळीला लागून. बाई पन्नाशीच्या, अंगानं बारीक, उजवं मनगट जरा वाकडं जुळलेलं. ओसरीवर त्यांनी पाण्याचा गुंड, भाताचा गंज, परात, गडवे असं सगळं मांडलं. एका घरात इतकी पोचलेली भांडी मी जन्मात पाहिली नव्हती. विहिरीत पडली होती का, मी विचारलं.

"नाई," त्या म्हणाल्या. "माह्या अंगावर पडली."

मग तांदूळ निवडता निवडता त्यांनी एकेका पोच्याची हकिगत सांगितली, लेकरांचे जन्म सांगावेत तशी. परात वरण पातळ झालं त्या दिवशीची. गंज त्यांचे वडील भेटायला आले होते तेव्हाचा. गुंडाला मात्र काही कारण नव्हतं, आणि मनगट गेलं ते त्याच दिवशी. नवऱ्याचं नाव भय्याजी. नावातच भय, मी मनात म्हटलं. पाच वर्षांपूर्वी मोहाची पिऊन तो बोडीत पडला आणि गुडघाभर पाण्यात बुडून मेला. आता भाचीच्या लग्नात ही भांडी काढायची होती, आणि पोचे बघून लोकांनी चौकशी करावी हे बाईंना नको होतं.

मी ठोकत बसलो. उन्हं कलायला लागली. धानाच्या तणसाच्या ढिगावरच्या चिमण्या एकाएकी गप्प झाल्या. वारा नव्हता. बोडीचं पाणी तापलेल्या तव्यासारखं निश्चल. आणि आतल्या खोलीत कोणीतरी खाकरलं. ओल्या चिखलाचा वास आला, त्यात मोहाचा. खाट करकरली... अंगानं भारी माणूस कुशीवर वळावा तशी.

मी हातोडी खाली ठेवली. "आत कोणी आहे...?"

"आमचे आहेत," बाई तांदळातून मान वर न करता म्हणाल्या. "चार वाजले. चहा लागते त्यायले. तुमी लक्ष नोका देऊ."

त्या उठल्या, चहा केला, कप आतल्या खिडकीत ठेवला आणि परत येऊन बसल्या. थोड्या वेळानं आतून सुर्रकन घोट घेतल्याचा आवाज आला. माझ्या मानेवरचा घाम पाठीतून खाली ओघळत गेला. मेलेल्या माणसाला रोज चहा काहून देता, असं मी हळूच विचारलं. त्या म्हणाल्या, जिवंत होते तेव्हा भिऊन दिला, मेल्यावर सवयीनं. साखर कमी पडली तर कप फोडतात, एवढाच काय तो त्रास.

एस.टी. चुकेल म्हणून मी निघालो, असं मी त्यांना सांगितलं. वास्तविक एस.टी.ला दीड तास होता.

पुढच्या मंगळवारी राहिलेलं काम करायला गेलो, तर मागच्या खेपेला गुळगुळीत केलेली भांडी पुन्हा पोचलेली. तोच पोचा, त्याच जागी. भीती बाजूलाच राहिली, मला राग आला. तीस वर्षांच्या धंद्यात माझ्या हातचं काम कधी परत आलं नव्हतं. मी सगळं पुन्हा ठोकलं. पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच. आता हा प्रश्न माझ्यात आणि भय्याजीत होता.

असे आठ मंगळवार गेले. कधी मोगरी गायब व्हायची आणि बोडीत तरंगताना सापडायची. एकदा हातोडी आपोआप उडून माझ्या गुडघ्यावर बसली. बाईंनी हळद लावून फडकं बांधलं. आठ वर्षांत माझ्या दुखण्याला कोणाचा हात लागला नव्हता. त्या दिवशी मी एक गडवा मुद्दामच अर्धा ठेवला. भय्याजीच्या कष्टांमुळेच मला तिथं जायला निमित्त मिळत होतं, हे त्या बिचाऱ्याच्या ध्यानात आलं नसावं.

ते शेजारच्या आनंदाबाईंच्या मात्र ध्यानात आलं. त्या भय्याजीची बहीण, धुरपताबाईंची नणंद. कुंपणावरून त्या मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणायच्या, की माहा भाऊ देवमाणूस होता, त्याच्या माघारी त्याच्या ओसरीवर परका माणूस ठोकाठोक करून राहिला. पोचे कसे पडले, हे त्यांनी कुंपणापलीकडून वीस वर्षं ऐकलेलं होतं.

नवव्या मंगळवारी मी विचारलं. पाट लावायचा का, असं सरळच. आमच्या दोघांच्या समाजात विधवेचा पाट लागतो, त्यात नवल काही नव्हतं. नवल आमच्या वयाचं होतं. धुरपताबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि बराच वेळ माझ्या हातांकडे पाहिलं.

"एक सांगा," त्या म्हणाल्या. "हात उचलता का?"

खोटं बोलणं सोपं होतं. मी म्हटलं, "एकदा उचलला होता. पहिल्या बायकोवर, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. ती ओरडली नाई, नुसती पाहत राहिली. थे नजर अजून जात नाई. त्याच्यानंतर नाई उचलला."

"अना आता?"

"आता दिवसभर पितळेवर मारतो. घरी येईस्तोवर हात इतका दुखते, का भाकर मोडवत नाई."

त्या हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि मला वाटतं भय्याजीनंही. कारण आतलं सगळं फडताळ कोसळलं. गडवे गडगडत ओसरीवर आले. चिखलाचा वास इतका दाटला की दोघांनाही खोकला सुटला. खाट जमिनीवर आपटायला लागली, धाड... धाड... आणि दाराची कडी आतून कोणीतरी ओढत होतं.

मी उठून पुढं झालो. धुरपताबाईंनी मला हातानंच थांबवलं. त्या चुलीशी गेल्या. चहा केला. दोन कप भरले, एक मला दिला, एक स्वतः घेतला. तिसरा भरलाच नाही. वाकड्या मनगटाच्या हातातला चहा बशीत सांडत होता, पण त्या दारासमोर उभ्या राहिल्या.

"ऐकून घ्या," त्या अहो-जाहोतच म्हणाल्या. "आजपासून तुमचा चहा आनंदाबाईकडे. थ्या म्हणते तुमी देवमाणूस होते. देवानं भक्ताच्याच घरी राहावं. मी भक्त नाई."

सगळं थांबलं. कडी गार पडली. मग आत खाट एकदाच करकरली... कोणीतरी उठलं. आमच्या मधून एक ओला, गार झोत गेला. कुंपणाचा खांब हलला.

आम्ही चहा संपवतो न संपवतो, तोच शेजारून परात आपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ आनंदाबाईंचा.

फाल्गुनात आमचा पाट लागला. धुरपता कारध्याला आली, भांडी घेऊन. त्यांवर पुन्हा पोचा आला नाही. महिन्याभरात आनंदाबाई पाहुणी म्हणून आल्या. डोळ्यांखाली काळं, कपाळाला टेंगूळ. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलल्या. मग मी ऐकत नाही असं बघून हळूच विचारलं, "वहिनी, साखर किती टाकत होती वं?"

"दीड चमचा," धुरपता म्हणाली. "अना बशी नोको देऊ. फोडते."

 जाताना तिनं नणंदेच्या हातात हळदीची पुडी दिली.

आता पुढचं मी फार जणांना सांगत नाही.

पुढच्या पौषात आनंदाबाईंचं पोस्टकार्ड आलं, मास्तरांकडून लिहवून घेतलेलं. भाऊ आठ दिवसांपासून येत नाही, चहा तसाच राहतो, तिकडे आला आहे काय. धुरपतानं ते दोनदा माझ्याकडून वाचून घेतलं आणि चुलीत घातलं. संध्याकाळी तिनं अख्खं घर सारवलं, ओसरी, अंगण, पार फाटकापर्यंत. एवढ्या थंडीत कायले, मी विचारलं. तर म्हणाली, बरं असते.

सकाळी दार उघडलं. नदीवरून धुकं आलेलं. ओल्या सारवणात पावलं उमटली होती, पुरुषाची, मोठी, डाव्या पायाची करंगळी नसलेली. भय्याजीची ती करंगळी विळ्यानं तुटली होती, हे धुरपतानं सांगितलं. पावलं आमच्या उंबऱ्यापासून निघून सरळ फाटकाबाहेर गेली होती. यायची खूण नव्हती. फक्त जायची.

मला हायसं वाटलं. "गेला बापा," मी म्हटलं. "कवा आला होता कोण जाणे, पण गेला."

धुरपता पावलांकडे पाहत होती. तिनं पदर घट्ट लपेटून घेतला.

"भुताचे पाय उलटे राहते," ती म्हणाली.

मी वळून आत पाहिलं. आतलंही सारवण ओलं होतं, स्वच्छ. त्यावर एकही पाऊल नव्हतं. जो कोणी आला होता, तो उंबऱ्यापर्यंतच आला होता. आणि आम्ही दोघं उंबऱ्यावरच उभे होतो.