हुसेनच्या गाडीचे वॉल्व्ह

१९३४चा शिमगा नुकताच झाला होता. रत्नागिरीत मोटारी मोजक्याच, त्यांत शर्यतीची एकच. काशीरामने ती मुंबईच्या एका साहेबाकडून घेतली होती. आंबा घाट चढताना तिचं इंजिन भाजलं. युसुफ मिस्त्रीने हेड उघडलं, तर वॉल्व्हच्या कडा जळालेल्या, स्प्रिंगा ढिल्या.

"विलायतेहून माल यायला पावसाळा उजाडेल," युसुफ म्हणाला.

"म्हणजे माझी कोल्हापूरची शर्यत बुडाली!"

युसुफला हुसेनची गाडी आठवली. हुसेन त्याचा दोस्त, एका साहेबाचा ड्रायव्हर. गेल्या पावसात संगमेश्वरला गाडीसकट शास्त्री नदीत गेला. त्याला दफन केलं, आणि साहेबाने टाकून दिलेली गाडी हुसेनच्याच अंगणात येऊन पडली. मॉडेल वेगळं, पण कंपनी तीच.

युसुफ त्या गाडीचे वॉल्व्ह मागायला संगमेश्वरला गेला. हुसेनची बायको हमिदा अंगणात सुकट वाळत घालत होती.

"पैसे नकोत, युसुफभाई," ती म्हणाली. "गाडी चालू झाली की एकदा दारात आणा. आवाज ऐकायचाय."

हुसेनच्या गाडीचं हेड उघडताना युसुफला वाटलं होतं, आत गंजाचा थर असेल. पण वॉल्व्ह आरशासारखे लखलखत होते. रत्नागिरीत बसवताना थोडे घासावे लागतील म्हणून त्याने कानस काढून ठेवली होती. तिची गरजच पडली नाही. वॉल्व्ह, स्प्रिंगा, गाईड, सगळं हातानेच जागेवर गेलं.

इंजिन हँडलच्या पहिल्याच फेऱ्यात सुरू झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी युसुफने हेडवर हात ठेवला. अजून कोमट होतं. त्याने उन्हाकडे पाहिलं. गाडी सावलीत होती.

कबूल केल्याप्रमाणे दोघे संगमेश्वरला निघाले. काशीराम चालवत होता. बाजारात युसुफ वाट सांगायला तोंड उघडणार, तोच काशीरामने गाडी बोळात वळवली आणि नेमकी हमिदाच्या दारात उभी केली.

"तू इथे आला होतास?"

"नाय बा," काशीराम म्हणाला आणि खाली उतरला.

दाराची चौकट बुटकी होती. न बघताच तो वाकून आत शिरला. युसुफ मागोमाग गेला. काशीराम माजघरात बसला होता. हमिदा भिंतीला टेकून उभी होती.

"हमिदा," तो म्हणाला, "अंग गार पडलंय गो. पाणी तापव."

युसुफने त्याचा दंड धरला. बाही ओली होती. बाहेर कडक ऊन होतं.

त्याने काशीरामला ओढत बाहेर आणलं, बाजूला बसवलं आणि स्वतः गाडी हाकली. वाटेत काशीराम नुसता समोर बघत होता.

घरी आईने हाका मारल्या. त्याने तिच्याकडे पाहिलं, ओठ हलवले. शब्द निघाला नाही. डॉक्टरांनी घसा तपासला. घशात काही दोष नव्हता. शर्यत होऊन गेली, तरी तो मुकाच.

युसुफने वॉल्व्ह काढले, फडक्यात बांधले आणि काशीरामला आईपाशी ठेवून बसने संगमेश्वर गाठलं. भरदुपार होती. हमिदा उंबऱ्यावर बसली होती. तिने फडक्याला हात लावला नाही.

"आता कशाला आणलेत?"

"भाबी, तुमची वस्तू तुमच्याकडे राहू दे. माझा माणूस मला परत हवा."

तिने तोंडावर बोट ठेवलं.

"हळू बोला."

आतून कुणीतरी विचारलं, "कोण आलंय गो?"

आवाज हुसेनचा नव्हता. काशीरामचा होता.