पट्टी सांगा, मॅडम

"पट्टी सांगा, मॅडम."

स्टेजमागे ही गर्दी. नाशिकच्या सिडकोतल्या त्या गणेश मंडळाने माझा फोटो गणपतीच्या फोटोपेक्षा मोठा छापला होता, वर 'टीव्ही स्टार वैष्णवी (घोटी)' असं लिहिलं होतं, आणि हा पठ्ठ्या कीबोर्डवरचं फडकं झटकत मला पट्टी विचारत होता! अख्ख्या महाराष्ट्राला माहीत होती माझी पट्टी. परीक्षकांनी त्यावर भाषण केलं होतं.

"टीव्ही नाही बघत का तुम्ही?" मी जरा ठसक्यातच विचारलं.

"बघतो की. पण तुमचा कार्यक्रम रात्री नऊला... आणि माझी सेकंड शिफ्ट." त्याने मान वर केली. सावळा चेहरा, कपाळावर घाम, आणि डोळ्यांत मिश्कील असं काहीतरी. "सिन्नरला कंपनीत हाय मी. आमच्याकडं नऊ वाजता फक्त मशीनच गाती."

मला हसू आलं. खूप दिवसांनी आलं, म्हणून लक्षात राहिलं.

"काळी पाच," मी म्हणाले.

"एवढी वर?" त्याने भुवई उडवली. "बरं. तुमचा गळा, तुमचा हुकूम."

त्याचं नाव गोरक्ष. आमच्या ट्रूपचा नवा कीबोर्डवाला.

पट्टी म्हणजे गाणाऱ्याचा 'सा' कुठे धरायचा ते. पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून त्यांची नावं पडली. काळी चारच्या वर पांढरी सहा, आणि तिच्याही वर काळी पाच. आमच्या ट्रूपमध्ये हे सगळं स्टेजवर बोटांनी चालायचं. पंजा उघडला की काळी पाच, अंगठा दुमडून चार बोटं दाखवली की काळी चार. माइकमध्ये बोलावं लागत नाही आणि लोकांना वाटतं, गायिका हात हलवतेय.

लहानपणापासून मी गात आले ती काळी चारमध्ये. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत गेले तेव्हा तिथल्या लोकांनी ऐकलं आणि म्हणाले, अजून वर चढवा, वरचा सूर लागला की मतांचे मेसेज धो धो येतात. 'झोका' नावाचं गाणं दिलं. त्याची शेवटची ओळ अशी वर जाते, वर जाते आणि तिथेच थांबते... मी थांबले. लोक उभे राहिले. घोटीत व्यापाऱ्यांनी पेठेत टेबल टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याकडून माझ्यासाठी मेसेज करून घेतले. मी चौथी आले, पण घोटीला वाटलं पहिलीच आले!

आणि मग ते संपलं. म्हणजे कॅमेरे गेले, गाणं राहिलं. जिथे जाईन तिथे 'झोका, झोका!' मी तोच ड्रेस घालायचे, तशीच मान वळवायचे. कधी कधी वाटायचं, टीव्हीवरच्या वैष्णवीची नक्कल करणारी कुणीतरी मी आहे... आणि शेवटच्या ओळीला माझा गळा आवळला जायचा. नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, असंच ताणत राहिलात तर आवाज जाईल. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आईला नाही, वडिलांना, म्हणजे नानांनाही नाही. बावीस वर्षांच्या मुलीकडे गाण्याशिवाय दुसरं काही नसेल तर तिने सांगायचं तरी कसं?

त्या दिवशी सिडकोतही शेवटच्या ओळीला डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं, भावना. टाळ्या पडल्या. गोरक्ष तेवढा माझ्याकडे बघत राहिला, आणि टाळ्या वाजवल्या नाहीत.

खडूस मेला, असं वाटलं मला.

पण पुढच्या कार्यक्रमात जादू झाली. ओळ सहज लागली! नवरात्रात तर गळा इतका मोकळा झाला की मलाच खरं वाटेना. गरम पाण्याच्या गुळण्या लागू पडल्या म्हणायच्या. मी आनंदाने गोरक्षकडे वळून पाहिलं. तो पट्ट्यांवर नजर लावून बसला होता. कान मात्र लाल झाले होते.

"काय छान लागला ना आज आवाज?" नंतर चहा घेताना मी त्याला छेडलं. "अगदी लहानपणी गायचे तसं वाटलं. तू काही बोलणारच नाहीस का?"

"लय छान लागला."

"आणि?"

"आणि... चहात आलं कमी हाय."

असा हा माणूस! जीपमध्ये माझ्यासाठी खिडकीची जागा धरणार, माझ्या पाण्याच्या बाटलीत खडीसाखर टाकून ठेवणार, आणि तोंडाने चहातल्या आल्याविषयी बोलणार. याला मी आवडते की फक्त गळा आवडतो? की दोन्ही नाही, नुसतीच सवय? घरी जाऊन मी उशीला विचारायचे. उशीलाही कळत नव्हतं.

दिवाळीच्या तोंडावर चॅनेलवरून फोन आला. गाजलेल्या स्पर्धकांचा खास कार्यक्रम, मुंबईत, आणि मला झोकाच गायचा होता. मी नाचायचीच बाकी होते. आधी आईला सांगितलं, मग गोरक्षला फोन लावला.

पलीकडून नुसता मशीनचा आवाज.

"अरे, ऐकलंस ना?"

"ऐकलं. ...कोणत्या पट्टीत?"

"असं काय विचारतोस? माझ्याच!"

"हं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मी फोनकडे बघतच राहिले. जळला का? मी मोठी झाले तर त्याच्या हातून जाईन, म्हणून? असा विचार आला आणि राग आला. मग वाटलं, म्हणजे मी त्याच्या हातात आहे तर! आणि हसू आलं. एकाच वेळी राग आणि हसू आलं तर माणसाने करायचं काय?

आमच्या घरी भजनी मंडळाची पेटी असते, कारण नाना मंडळात टाळ धरतात. मुंबईच्या तयारीसाठी मी ती ओढली, काळी पाच धरली आणि झोका सुरू केला. शेवटच्या ओळीला आवाज फाटला. पुन्हा घेतली, पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा तर नुसती हवा आली.

"पेटी बिघडली गं आई," मी ओरडले. "सूर चढलेत हिचे."

"कालच तर भजन झालं तिच्यावर," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "तेव्हा कुणाचं काही चढलं नाही."

रविवारी गोरक्षला सुट्टी असायची. मी त्याला बोलावून घेतलं, पेटी दुरुस्त करायला. तो सिन्नरहून जीपने आला. भात कापणी चालू होती, त्याच्या शर्टाला, केसांना तुसाची धूळ लागलेली. ओटीवर बसून त्याने पेटीचा भाता हलवला, एकेक पट्टी दाबली, कान लावून ऐकलं. मी त्याच्या बोटांकडे बघत होते.

"पेटी बरोबर हाय," तो म्हणाला.

"कशी असेल? हिच्यावर मला काळी पाच लागत नाहीये! तुझ्या कीबोर्डवर कशी लागते मग?"

"तिथं... तिथं काळी पाच नसती, वैष्णवी."

पहिल्यांदाच त्याने मॅडम म्हटलं नाही, आणि तेही अशा वेळी!

मग त्याने सांगितलं. कीबोर्डला एक बटण असतं. ते दाबलं की बोटं त्याच पट्ट्यांवर चालतात आणि सूर मात्र खालचा निघतो. सिडकोनंतर त्याने मला पांढरी सहावर आणलं. नवरात्रात आणखी खाली, काळी चारवर. मी सगळा वेळ त्याच्या बोटांकडे बघत होते, आणि बोटं जागची हलली नव्हती!

"पुंजाकाकांना माहीत होतं?" पुंजाकाका म्हणजे आमचे ढोलकीवाले.

"ढोलकी उतरवावी लागते ना त्यांना."

"म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. मी सोडून."

"सांगणार होतो... रोज सांगणार होतो. पन तू एवढी खूश असायचीस—"

"दया आली तुला माझी?" माझा आवाज आता खरंच चढला होता. "लोक टाळ्या वाजवत होते आणि तुम्ही सगळे मनात हसत होतात!"

"कोन हसलं? त्या ओळीला तुझ्या डोळ्यांत पानी यायचं. गळ्याची शीर फुगायची. मला नाय बघवलं."

"का नाही बघवलं?"

पेटीचा भाता त्याने हळूच मिटवला, खिटी लावली.

"आता ते पन मीच सांगू?" तो म्हणाला आणि चहासुद्धा न घेता निघाला.

मी अडवलं नाही. माझी फसवणूक झाली होती, आणि ज्याने फसवलं त्यानेच माझा गळा वाचवला होता. मला त्याला दोन थपडा माराव्यात असंही वाटत होतं, आणि त्याच्या केसांतलं तूस काढावं असंही. मी रडले, पण नेमकी कशासाठी ते मलाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी चॅनेलला फोन केला. म्हटलं, मी झोका गाईन, पण काळी चारमध्ये. तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, ट्रॅक तयार आहे. लोकांना तुमची ती वरची ओळच हवी असते. नाहीतर दुसरं कुणीतरी बघावं लागेल. उद्या दुपारपर्यंत सांगा."

आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी घोटीत दिवाळी पहाट होती. मार्केटच्या आवारात मांडव, पुढे रांगोळी, थंडीत शाली गुंडाळून बसलेलं अख्खं गाव. नाना पहिल्या रांगेत. आईने नवी साडी नेसली होती. गोरक्ष कीबोर्डमागे, मान खाली. आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो.

"आता ऐकू या, आपल्या वैष्णवीताईंचा झोका!" निवेदक गरजला. "टीव्हीवर ऐकलात, अगदी तसाच!"

टाळ्या, शिट्ट्या. आणि गोरक्षने मान वर केली. भुवई उडवली. ओठ हलले, आवाज आला नाही, पण मला कळलं.

पट्टी सांगा, मॅडम.

या वेळी तो आपल्या मनाने काही करणार नव्हता. मी मागेन ते देणार होता. काळी पाच मागितली असती तर तीही, आणि मग माझं फाटणं त्याला पुन्हा बघावं लागलं असतं. मी हात वर केला. पंजा उघडला. गावाला वाटलं मी हात हलवतेय, पोरीबाळींनी आनंदाने हात हलवले. गोरक्षचा चेहरा उतरला, तरी त्याचं बोट निमूटपणे ते बटण बंद करायला गेलं.

मी अंगठा दुमडला.

तो बघतच राहिला. मागून पुंजाकाका पुटपुटले, "चार म्हनतीय रं ती, लाव लवकर."

मी गायले. शेवटची ओळ वर गेली, जेवढी माझी होती तेवढीच वर, आणि तिथे मी हवा तेवढा वेळ थांबले. डोळ्यांत पाणी आलं नाही. टाळ्या झाल्या, टीव्हीवाल्यांइतक्या नसतील. नाना मात्र उभे राहून वाजवत होते. आणि या वेळी कीबोर्डमागूनही टाळ्या आल्या.

मांडवामागे फराळाच्या ताटल्या मांडलेल्या होत्या. तो शेजारी येऊन उभा राहिला.

"मुंबई?"

"नाही म्हणून कळवणार आहे." काही झालं तरी ती मुंबई होती, तो टीव्ही होता. "वाईट वाटतंय मला, सांगून ठेवते. उगाच थोरपणा नाही करत."

"वाटू दे." त्याने चकलीचा तुकडा मोडून माझ्या ताटलीत ठेवला.

"आणि यापुढे मला न विचारता ते बटण दाबलंस तर कीबोर्ड फोडीन."

"नाय दाबणार. विचारूनच." तो घुटमळला. कान पुन्हा लाल. "एक विचारू का मग?... पुढच्या रविवारी येऊ का घरी? आईला घेऊन?"

मी चकलीकडे बघत राहिले.

"पेटी दुरुस्त करायला?"

"पेटी बरोबर हाय," तो म्हणाला.

"मग ये," मी म्हणाले.