राणीसरकारची मागची सीट

"हळू रे! फडकं गोल गोल फिरव. ओरखडा उठला, तर काका आपल्यालाच घासून काढतील!" ताई बॉनेटच्या पलीकडून ओरडली.

"तो शब्द तोंडातून काढू नकोस!" वकील दबक्या आवाजात म्हणाला. "ओरखडा म्हटलं की बाबा जेवणाच्या ताटावरूनही उठून धावत येतात."

सुट्टीसाठी ताई आणि तिची धाकटी बहीण चिमणी काकांकडे आल्या होत्या. काकांचा मुलगा कशावरही वाद घालायचा, म्हणून घरात त्याचं नावच वकील पडलं होतं. आणि त्या तिघांच्या मधोमध उभी होती राणीसरकार! पणजोबांनी हौसेनं घेतलेली लांबलचक काळी गाडी. आरशासारखे दिवे, मऊ चामड्याच्या सीटा, आणि ड्रायव्हर व मागची मंडळी यांच्यामध्ये जाड काच. परवा जुन्या गाड्यांची मिरवणूक होती. राणीसरकार आजोबांना घेऊन डोंगर चढणार होती, पार वरच्या तलावापर्यंत!

"चिमणे, तू लहान आहेस. आत शिर आणि मागची सीट पूस बघू."

चिमणी जागची हलली नाही.

"मी नाही जाणार. ती सीट मला झोपवते."

वकील खो खो हसला. "सीट झोपवते म्हणे! अंगाई गाते का?"

"हस तू! पण या खेपेला मी जितक्यांदा तिथे बसले, तितक्यांदा झोपले. आजोबाही झोपतात. उठल्यावर त्यांचं डोकं दुखतं. माझंही दुखतं."

वकिलाचं हसू थांबलं. त्याने गाडीच्या काळ्याभोर काचेकडे पाहिलं. "डावीकडची ना? ती पणजोबांची जागा. तिथे दुसरं कुणी बसलेलं त्यांना आवडत नसेल..."

"गप रे!" ताई म्हणाली. पण तिच्याही हातातलं फडकं थांबलं होतं.

संध्याकाळी काका पेट्रोल भरायला निघाले. मुलंही निघाली. ताई मुद्दाम डावीकडे बसली. काचा वर होत्या. मधल्या काचेपलीकडे काका आपली खिडकी उघडी टाकून मजेत शीळ घालत होते. मागे मात्र काही ऐकू येत नव्हतं. काकांनी फवारलेल्या अत्तराचा गोड वास तेवढा भरून राहिला होता.

"मी जागी आहे की नाही ते तपासत राहा," ताईने वकिलाला सांगितलं होतं. "सतराचा पाढा विचार. तो मला झोपेतही येतो."

"सतरा सक?"

"एकशे दोन."

गाडी वळणं घेत होती. ताईच्या कपाळावर कुणीतरी हळूहळू दाब देत होतं जणू.

"सतरा नव्वं?"

"एकशे... एकशे..." ताईची जीभ जड झाली. शेजारी वकिलाचे ओठ हलत होते, पण त्याचा आवाज फार लांबून येत होता.

"ताई! ए ताई! डोळे उघड!"

पेट्रोल पंपावर वकिलाने तिला ओढूनच बाहेर काढलं. मोकळ्या हवेत तिला भडभडून उलटी झाली.

"गाडी लागली वाटतं," काका म्हणाले. "राजेशाही गादीची सवय नाही हो पोरींना!"

परतताना ताईने दोन्ही खिडक्या सताड उघड्या ठेवल्या. डोकं ठणकत होतं, पण झोप नाही की गुंगी नाही. घरी उतरताच तिने वकिलाचा दंड धरला.

"तुझं भूत खिडकीला घाबरतं का रे?"

"म्हणजे?"

"म्हणजे हे भूत नाहीच. हवेत काहीतरी आहे. आणि ते भुतापेक्षा वाईट आहे!"

दुसऱ्या दिवशी काका गाडीची एक फेरी मारायला निघाले. त्याआधी तिघांनी नव्या कार्पेटखाली चार कोपऱ्यांत चार पांढरेशुभ्र रुमाल सरकवले. गाडी परत आली. काका हात धुवायला आत गेले, तशी मुलं आत घुसली.

पहिला रुमाल स्वच्छ! दुसरा, तिसराही स्वच्छ! मागचा डावा बाहेर काढला, आणि चिमणी किंचाळली. रुमालाच्या मधोमध काळाकुट्ट डाग होता.

वकिलाने कार्पेट उचललं. खाली पत्र्याचं एक ठिगळ वेडंवाकडं चिकटवलेलं होतं. ते बोटानं दाबताच हललं. फटीतून खालचा सायलेन्सरचा पाइप दिसत होता, आणि त्याला चांगली बोटभर चीर गेली होती!

"इंजिनचा धूर आत येतोय," ताई कुजबुजली. "त्यात एक विषारी वायू असतो, शाळेत शिकलोय आम्ही. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस झोपतो, आणि... उठत नाही."

"कार्पेट कुणी उचकटलं?" दारात काका उभे होते.

तिघंही एकदम बोलू लागली. काकांनी रुमाल हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि टाकून दिला.

"पॉलिशची काजळी आहे ही! तुमचे हात बघा आधी!" हात खरंच काळे होते. "मागे गतिरोधकावर जरा घासली गाडी, तेव्हा गॅरेजवाल्याने ठिगळ लावून दिलं. पाइप मिरवणूक झाल्यावर बदलू. जरा आवाज येतो, एवढंच!"

"पण बाबा, ताईला काल..."

"पुरे झाली वकिली! उद्या तुम्ही तिघं आईच्या गाडीत बसायचं. राणीसरकारला हात लावायचा नाही!"

ताई धावत आजोबांकडे गेली. "खिडकी उघडी ठेवीन हो," ते तिचा गाल थोपटून म्हणाले. "तू सांगतेस ना, मग झालं!"

मिरवणुकीच्या सकाळी बोचरा वारा सुटला होता. आजोबांना खोकल्याची उबळ आली. ताई बघत होती. काका मागे गेले, त्यांनी आजोबांच्या पायांवर शाल घातली, आणि दोन्ही काचा घट्ट वर केल्या.

"काकू, काचा बंद केल्या!"

"अगं, खोकतायत ते," काकू गाडी सुरू करत म्हणाली. पण ताईचा पांढराफटक चेहरा पाहून तिने गाडी राणीसरकारच्या अगदी मागे लावली.

गाड्या डोंगर चढू लागल्या. राणीसरकार पुढे, काकूची गाडी मागे. मागच्या काचेतून आजोबांची टोपी दिसत होती. एका वळणावर टोपी डावीकडे कलली. पुढच्या वळणावर खाली घसरली. आजोबांनी ती सावरली नाही.

"काकू, हॉर्न वाजव!"

काकूने हॉर्न वाजवला. पण सगळ्याच गाड्या हॉर्न वाजवत होत्या! काकांनी खिडकीतून हात काढून मजेत हलवला. काकूने फोन लावला. तो वाजतच राहिला.

आता आजोबांचं डोकं काचेला टेकलं होतं, आणि प्रत्येक खड्ड्याला ते काचेवर आपटत होतं. तरी आजोबा हलत नव्हते. चिमणी रडू लागली.

"बाबा कुणासाठी थांबणार नाहीत," वकील म्हणाला, आणि एकदम ताठ झाला. "आई, बाजूला घे! त्यांच्या बरोबरीने!"

रस्ता जरा रुंद होताच काकूने गाडी पुढे काढली. वकिलाने खिडकीतून डोकं काढलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडला,

"बाबा! ओरखडा! डावीकडे ओरखडा! या टोकापासून त्या टोकापर्यंत!"

कर्रर्र! राणीसरकार जागच्या जागी थांबली. काका उडी मारून उतरले आणि डाव्या बाजूला धावले. "कुठाय? कुठाय ओरखडा?"

काकूने गाडी थांबवताच ताईने धावत जाऊन त्यांच्या आधी मागचं दार उघडलं होतं. आजोबा तिच्या अंगावर कोसळले. त्यांचे गाल लालबुंद होते, डोळे मिटलेले.

"आजोबा!"

काकांनी त्यांना उचलून वाऱ्यावर गवतात ठेवलं. वकील त्यांच्या शर्टाची बटणं सोडत होता. मागच्या गाडीतून एक डॉक्टर बाई धावत आल्या. त्यांनी नाडी पाहिली.

मग आजोबांची छाती जोरात भरली. ते खोकले. पुन्हा खोकले. आणि त्यांनी डोळे उघडले.

"खिडकी..." ते पुटपुटले.

"ऑक्सिजन द्यावा लागेल. लगेच दवाखान्यात चला," डॉक्टर बाई म्हणाल्या. ताईने सगळं सांगितल्यावर त्या काकांकडे वळल्या. "ही गाडी वर तलावापर्यंत गेली असती, तर मला काहीच करता आलं नसतं. या मुलांनी यांचा जीव वाचवलाय."

काका रस्त्याच्या कडेला खाली बसले. त्यांच्या कोटाला चिखल लागला. तो त्यांनी झटकला नाही.

"तुम्ही मला पुराव्यानिशी सांगत होतात," ते मुलांना म्हणाले. "आणि मी तुमचे हात बघत बसलो. चुकलो रे पोरांनो."

वकिलाने वाद घातला नाही. तो नुसता त्यांच्या शेजारी जाऊन बसला.

दवाखान्यातून घरी आल्यावर आजोबांनी तिघांना जवळ बोलावलं. "ही गाडी माझ्या वडिलांनी जपली, मी जपली, तुमच्या काकाने चकाकवली," ते म्हणाले. "पण तिच्या पोटात काय चाललंय ते तुम्ही पाहिलंत. शाबास!"

सुट्टी संपायच्या आधी राणीसरकारला नवा पाइप बसला आणि खालचा पत्राही नवा आला. काम होईपर्यंत काका गॅरेजवाल्याबरोबर गाडीखाली झोपून होते, आणि तिघं एकेक जोड तपासून "ठीक!" म्हणेपर्यंत त्यांनी किल्ली खिशातून काढली नाही. मग सगळे तलावावर गेले.

आजोबा वाटेत एकदाही झोपले नाहीत. खालची दरी, वरचे ढग, लहानपणीच्या खोड्या... ते रस्ताभर बोलतच होते. कुणीही त्यांना मध्ये थांबवलं नाही.