ड्रुसिलाची फुंकर

तुमचा विश्वास बसणार नाही, आणि बसूही नये! पण आमच्या न्यूफाउंडलंडच्या खाडीत ड्रुसिलाने नुसती फुंकर घातली, की दाढदुखी अशी भेदरून पळायची, की एकदा कुंपणापलीकडच्या घोड्याचीही दाढदुखी तिच्यासोबत पळाली! विचारा तिच्या भावजयीला. ही काय मेल्विना, समोरच बसलीय!

त्या फुंकरीला एकच बंधन. उतरलेल्या आजाराचं नाव पुन्हा घ्यायचं नाही. घरच्यांनी घेतलं, तर आजार उलटतो. ड्रुसिलाने घेतलं, तर तिचा गुण कायमचा जातो!

धाकट्या भावाला, म्हणजे या मेल्विनाच्या नवऱ्याला, सेल्बीला तिने पोटच्या पोरासारखं वाढवलं, त्याच्यापायी स्वतःचं लग्न केलं नाही. त्याच सेल्बीच्या कपाळाच्या डाव्या बाजूला, थेट डोळ्यापर्यंत नागीण उठली, तेव्हा तिनेच फुंकर घातली. फोड सुकले, सगळे निर्धास्त झाले... आणि पुढच्या महिन्यात कॉड मासे चिरता चिरता त्याच्या उजव्या हातातून सुरी गळाली, तोंड वाकडं झालं, शब्दच हरपले!

माझ्याच बोटीतून त्याला शहरात नेलं. वाटेत हिमनग आडवा! मी टोपी काढून विनवलं, तसा तो बिचारा बाजूला सरकला. हसू नका!

"एवढ्यात काही आजार झाला होता का?" इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"न... नाही," मेल्विना म्हणाली. भीतीने पोरीचे ओठ पांढरे पडले होते.

ड्रुसिलाला ना नवरा, ना मूल. तिच्या दारी माणसं येत, ती या एका गुणापायी! तोही गेला, तर उरलेल्या आयुष्यात कोण हाक मारणार? पण सेल्बी...

"नागीण झाली होती, बाई. कपाळावर. मीच उतरवली."

"वन्सं!" मेल्विना किंचाळली. "आधी डॉक्टरकडे जाऊ दिलं नाहीत, आता नाव घेऊन तो गुणही घालवलात! मारलंत त्याला! माझ्या घराची पायरी चढू नका पुन्हा!"

"नाही चढणार गं... तो तेवढा जगू दे."

डॉक्टरीणबाई मात्र खुर्चीतून उठल्याच. "बरं झालं बोललात! क्वचित या नागिणीचा विषाणू मज्जातंतूवाटे मेंदूच्या रक्तवाहिनीत शिरतो. तिची भिंत सुजते, रक्ताची वाट अडते. तसं असेल, तर औषधच वेगळं!"

तपासण्या झाल्या, तसंच निघालं. विषाणूवरचं औषध शिरेतून सुरू झालं. ड्रुसिला बाहेरच्या बाकावर बसून राहिली. 'फोड विझलेले दिसले, आतली आग मला दिसलीच नाही...' या एका विचाराने तिचं अंतःकरण जळत होतं. आत जायची छाती होईना.

अखेर सेल्बीची बोटं हलली! मेल्विनाने दार उघडलं, आणि त्याच क्षणी आतून सेल्बीने अशी हाक मारली, की खिडक्यांची तावदानं थरथरली... "आई!"

"खोटं!" समोर बसलेली मेल्विना उसळली. "साफ खोटं, एझ्राकाका! त्याला कितीतरी दिवस शब्द फुटत नव्हता. दारात उभं राहून 'आई, आत या' असं मी म्हणाले होते."