काठाजवळचा चारा

विद्याधर गळाचा चारा मळायला बसला की शुभा स्वयंपाकघरातून बाहेर जायची. कणीक, भाजलेलं बेसन, मोहरीची पेंड, चिमूटभर हिंग आणि शेवटी चमचाभर मध. पोळ्यांची कणीक त्याने आयुष्यात कधी भिजवली नव्हती. हा गोळा मात्र कानाच्या पाळीइतका मऊ झाल्याशिवाय तो हात धुवायचा नाही.

"मासे नशीबवान आहेत," असं ती पूर्वी म्हणायची.

"जळतेस तू त्यांच्यावर," असं तो पूर्वी म्हणायचा.

आता दोघंही काही म्हणत नसत. मुलुंडच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात बोलणं उरलं होतं ते दूध, गॅस आणि लाइट बिलापुरतं.

विद्याधर विमा कंपनीतून निवृत्त झाला होता आणि पवईच्या तळ्यावर गळ टाकणाऱ्यांच्या एका छोट्या क्लबाचा जुना सभासद होता. दुपारचा चहा झाला की रिक्षाने निघायचा, दिवेलागणीला परत यायचा. मासे घरी आणायचा नाही, पकडून सोडून द्यायचा. घरी पाहुणे आले की त्यांना तो चारा लावण्याची पद्धत समजावून सांगायचा. "पहिले काही दिवस गळ टाकायचाच नाही. नुसता चारा टाकायचा. रोज एकाच वेळी, एकाच वासाचा. आधी काठाजवळ, मग जरा पुढे, मग आणखी पुढे. मासा मूर्ख नसतो हो. त्याला सवय लावावी लागते. सवय लागली की तो स्वतःच्या पायांनी येतो."

"बाबा, माशाला पाय नसतात," मिहिर दर वेळी म्हणायचा, आणि पाहुणे दर वेळी हसायचे.

मिहिरला जाऊन चार वर्षं झाली होती. ऑगस्टमधला डेंग्यू. ताप उतरला म्हणून सगळे निर्धास्त झाले. ताप उतरतो तेव्हाच खरा धोका असतो, हे शुभाला माहीत होतं. कॉलेजात ती प्राणिशास्त्र शिकवायची. पण त्या दुपारी तिला परीक्षेची ड्यूटी होती आणि फोन बाहेर जमा केलेला. विद्याधर तळ्यावर होता. मिहिरने आधी त्याला फोन केला, पुन्हा पुन्हा केला. आपला फोन आला की कुकरची शिट्टी वाजावी, अशी सोय मिहिरने बाबांच्या फोनमध्ये करून ठेवली होती. घरच्या कुकरची शिट्टी, स्वतः रेकॉर्ड केलेली. पण तळ्यावर आवाज नको म्हणून विद्याधर फोन बंद करून खणाच्या एका पिशवीत ठेवायचा. ती पिशवी शुभानेच ब्लाउजच्या उरलेल्या कापडातून शिवून दिली होती. शेजाऱ्यांनी दार उघडून मिहिरला हॉस्पिटलात नेलं तोवर उशीर झाला होता.

"फोन उचलायचा होतास," एवढं शुभा म्हणाली होती. एकदाच. पुन्हा म्हणायची गरज पडली नाही.

त्यानंतर विद्याधर तळ्याकडे फिरकला नव्हता. या हिवाळ्यात, कोणी काही न सांगता, त्याने माळ्यावरून रॉड काढला.

पहिली वस्तू आली ती डिसेंबरात. तो घरात शिरला तो चपला न काढताच स्वयंपाकघरात आला आणि ओट्यावर त्याने स्टीलचं एक झाकण ठेवलं. छोट्या गोल डब्याचं. त्यावर टिंबाटिंबांनी नाव कोरलेलं होतं. चि. मिहिर.

तो डबा फडताळात होता. मिहिर तिसरीत असताना त्याचं झाकण हरवलं, तेव्हापासून त्यात मोहरी असायची आणि वर वाटी उपडी घातलेली. शुभाने वाटी काढली, झाकण लावलं. ते टक्कन बसलं.

"पायऱ्यांजवळ होतं. घोटाभर पाण्यात," विद्याधर म्हणाला. "लहानपणी त्याला न्यायचो ना मी. तेव्हा पडलं असेल."

शुभाने झाकण खिडकीपाशी नेऊन भिंगाखाली पाहिलं. पवईचं पाणी तिला माहीत होतं. त्यात महिनाभर पडलेल्या वस्तूवरही शेवाळ धरतं, खाचांत गाळ बसतो. कोरलेल्या टिंबांत काहीही नव्हतं. आतल्या बाजूला मात्र वास होता. तिने दोनदा हुंगून पाहिलं. साखरांब्याचा. तिसरीतल्या मिहिरला डब्यात रोज पोळी आणि साखरांबा लागायचा.

"चहा घेणारेस?" तिने विचारलं. एरवी ती चहा करून टेबलावर ठेवायची आणि टीव्ही लावायची. त्या दिवशी तिने गवती चहा घातला आणि दोघं समोरासमोर बसले.

त्यानंतर आली स्कूटरची किल्ली. तिला मण्यांचा मासा लटकत होता. गंधालीने, म्हणजे मिहिरच्या मोठ्या बहिणीने, तो ओवला होता. स्कूटर त्यांनी विकली तेव्हा किल्लीही त्याच माशासकट गिऱ्हाइकाला दिलेली. दोन्ही हातांनी दिली होती, शुभाला नीट आठवत होतं.

"कुठे होती?"

"मचाणाच्या खांबाला अडकलेली." मचाण म्हणजे पाण्यावर बांधलेली बसायची फळी. "त्याच सुमाराला बघ. ऊन उतरतं तेव्हा."

किल्लीलाही तोच वास होता.

शुभाने गंधालीला चारकोपला फोन केला. वस्तूंचं सांगितलं नाही, बाबा पुन्हा तळ्यावर जातात एवढंच म्हणाली.

"जाऊ दे ना गं, आई. घरात बसून तुम्ही दोघं काय करता? भांडत पण नाही धड. मला तर तुमच्याकडे आलं की बँकेत आल्यासारखं वाटतं. टोकन घ्या, बसा."

"हल्ली चहा घेतो आम्ही."

"अरे वा! काय सांगतेस?"

आणि ते खरंच होतं. संध्याकाळी रिक्षा थांबल्याचा आवाज आला की शुभा दार उघडून उभी राहायची. फडताळातला वरचा कप्पा तिने रिकामा करून पुसून ठेवला होता. झाकण लावलेला डबा, किल्ली, आणि पुढे बरीच जागा.

"आज काय?" ती विचारायची.

बरेच दिवस काही नसायचं. अशा दिवशी दोघंही जरा चिडचिडे असत.

मग चष्मा आला. जलपर्णीच्या पट्ट्यापलीकडे गळ टाकला होता, तिथून. काळी फ्रेम, डाव्या काचेवर बारीक ओरखडा. शुभाने तो वर्तमानपत्रावर धरला, अक्षरं लहान झाली. तो नंबर तिला पाठ होता. हा चष्मा तिने स्वतः मिहिरच्या शर्टाच्या खिशात ठेवला होता, शेवटी, त्याला शववाहिनीत ठेवायच्या आधी. त्याला चष्म्याशिवाय दिसायचं नाही म्हणून.

ती खुर्चीवर बसली.

"या वेळी बरंच लांबून आला," विद्याधर म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर कितीतरी वर्षांत न दिसलेली टवटवी होती.

रोज त्याच वेळी. त्याच वासाचं. आधी काठाजवळ, मग जरा पुढे.

शुभाने वर्गात अशा सवयीवर कितीतरी तास घेतले होते. घंटा आणि कुत्रा, दिवा आणि उंदीर. ओट्यापाशी जाऊन तिने चहाचं आधण ठेवलं. आत्ताच सांगायला हवं, असं तिला वाटलं. मग वाटलं, चष्मा आला. आता यापुढे काय येईल?

तिने चष्मा पुसून कप्प्यात ठेवला आणि काही सांगितलं नाही.

जानेवारी संपत आला तेव्हा एका संध्याकाळी तो रॉड न घेताच आला. पँट कमरेपर्यंत भिजलेली. जिन्यात ओली पावलं उमटली होती.

"वाजला," तो म्हणाला.

"काय वाजलं?"

"कुकर." तो हसला. "शिट्टी गं. मिहिरची. पाण्यातून. आधी वाटलं, पलीकडच्या टॉवरमधून येतेय. रस्त्यावरचे हॉर्नही होते. पण ते थांबले आणि हिचं चालूच. फ्लोटच्या थोडं पुढे. मी उतरलो तर आणखी जरा पुढे गेली."

"विद्याधर, तिथे मगरी आहेत. पाटी लावली आहे."

"हो."

"आणि तुझा तो जुना फोन आता नाहीये."

"हो गं."

तिने टॉवेल आणून दिला. त्याने तो मांडीवर ठेवला, अंग पुसलं नाही.

"हा चारा आहे," ती म्हणाली. "कोणीतरी चारा लावतंय."

"ते मला कळत नाही असं वाटतं तुला? जन्मभर मी दुसरं काय केलं?"

"मग?"

"मग काय? चारा आहे म्हणून भूक खोटी होते का?"

बाहेर कोणाचं तरी पार्सल आलं होतं, जिन्यात सोसायटीचा वॉचमन मजला विचारत होता. शुभा ऐकत राहिली. जाऊ नकोस, एवढेच शब्द होते. ते तोंडात तयार होते. पण त्यांच्या मागे चार वर्षं दाबून धरलेलं दुसरं काहीतरी होतं आणि तेच आधी बाहेर आलं.

"या वेळी तरी उचल," ती म्हणाली.

विद्याधरने तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. परवानगी मिळाल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने चारा मळला नाही. खणाची पिशवी शर्टाच्या खिशात घातली, चपला घातल्या आणि गेला. शुभा स्वयंपाकघरातच उभी होती. रिक्षाचा आवाज लांब जाईपर्यंत तिला वाटत होतं, अजून हाक मारता येईल.

ऊन उतरायच्या सुमाराला क्लबावर कामाला असलेल्या सहदेवचा फोन आला. "बाई, साहेब घराक इले काय? चपलो हडेच पायऱ्यांकडे आसत."

अग्निशमन दलाची बोट दोन दिवस फिरली, काही सापडलं नाही. एका अधिकाऱ्याने मगरीची शक्यता बोलून दाखवली, तीही खाली मान घालून. गंधाली रडून रडून दमली आणि आईचे कपडे बॅगेत भरायला लागली. "तू इथे एकटी राहायचं नाहीस. चारकोपला चल. माझी शपथ आहे."

"त्याचा रॉड तळ्यावर आहे," शुभा म्हणाली. "तो घेऊन येते. मग जाऊ."

"मी येते बरोबर."

"नको. तू बॅग भर."

सहदेवने क्लबाच्या खोलीतून रॉड आणून दिला. "पाण्याकडे जाव नकात, बाई," तो म्हणाला आणि चहा सांगायला गेला.

तळं अगदी स्वच्छ उन्हात होतं. पलीकडच्या काचेच्या इमारती पाण्यात उलट्या उभ्या होत्या. जलपर्णीवर एक पाणकावळा पंख पसरून बसला होता. रस्त्यावरची वाहनं ऐकू येत होती.

ऊन उतरू लागलं.

शुभा पायऱ्यांपाशी थांबली. उतरायचं नाही, हे तिने घरून निघतानाच ठरवलं होतं. उतरायची गरजही पडली नाही.

सगळ्यात खालच्या पायरीवर, घोटाभर पाण्यात, खणाची पिशवी पडली होती.

तिने वाकून ती उचलली. पाण्यातून काढलेली पिशवी कोरडी होती.

आत काही नव्हतं. तिने ती नाकाशी धरली.

गवती चहा.

घरी आली तेव्हा बॅग दाराशी तयार होती. गंधालीने विचारलं, "मिळाला रॉड?"

"मिळाला. पण मी आज येत नाही. उद्या एकदा तिकडे जायचंय."

"कशाला आता?"

शुभा स्वयंपाकघरात गेली, फडताळातला दुसरा कप्पा रिकामा केला आणि ओल्या फडक्याने कोपऱ्यापर्यंत पुसून घेतला.