एक पाऊल उजवीकडे

हेमचंद्र कुलकर्णी नगरहून श्रीगोंद्याजवळच्या एका साखर कारखान्यावर पोहोचले, तेव्हा दुपारचा एक वाजला होता. काट्यावर उसाच्या गाड्यांची वजनपावती छापणारा जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर पुन्हा बिघडला होता. कारकून जेवायला गेला होता. केबिनमध्ये झाडू मारणारी लंकाबाई तेवढी होती.

त्यांनी कव्हर काढलं. तीस वर्षांत हाताला सगळं पाठ झालं होतं. छापणारं हेड गुळगुळीत दांड्यावर बसतं. मोटर पावलापावलानं फिरते आणि दातेरी पट्टा हेडला ओढून नेतो. आपण कुठं आहोत हे हेडला कळत नाही. डाव्या टोकापासून मोटर पावलं मोजते, तेवढंच. एखादा दात निसटला, की पुढची अक्षरं सरकतात.

दात शाबूत होते. त्यांनी दांडा पुसला, चाचणीचा कागद घातला. मधोमध येताच हेड थबकलं आणि एक पाऊल जास्तीचं उजवीकडे गेलं.

"आमचे मालक हेच सांगत हुते तुमाला," बाई म्हणाली.

"मालक म्हणजे?"

"सूर्यभान. काट्यावर कारकून हुते."

हेमचंद्रांना आठवलं. गेल्या हंगामात पावत्यांवर आकड्यांवर आकडे चढले होते. तो माणूस हात जोडून सांगत होता, मशीन आपोआप सरकतं. नगरची शेवटची गाडी चुकेल म्हणून हेमचंद्रांनी कव्हरही उघडलं नव्हतं. 'यंत्रात दोष नाही. हाताळणीतील चूक,' असं लिहून दिलं. फेरफाराचा ठपका ठेवून कारखान्यानं सूर्यभानला कामावरून काढलं.

"आता कुठं असतात?"

"घरी आले, ते भिंतीकडं तोंड करून निजले. अन्न सोडलं. महिन्यात गेले."

हेमचंद्रांनी विजेची वायर काढली. पट्टा सोडवून टेबलावर ठेवला. आता हेडला ओढणारं काहीच उरलं नव्हतं.

हेड एक पाऊल सरकलं.

टेबलाला उतार असेल. त्यांनी पेन आडवं ठेवलं. पेन हललं नाही.

हेड आणखी एक पाऊल सरकलं. घसरत नव्हतं, थांबून, मोजून चालत होतं.

त्यांनी अंगठा मध्ये घातला. हेड अंगठ्याला टेकलं. बारीक टोचलं. मग ते थांबलं.

लंकाबाई झाडू धरून बघत होती. "दिसलं न्हवं?"

त्यांनी नवा पट्टा बसवला आणि रिपोर्ट लिहिला.

"काय लिवलं, साहेब?"

"पट्टा झिजला होता. बदलला."

तिनं मान खाली घातली आणि पुन्हा झाडायला लागली.

घरी हात धुताना अंगठ्यावर नऊ काळे ठिपके दिसले, एकाखाली एक. हेडच्या नऊ सुया अशाच असतात. अशा पाच-सहा उभ्या रांगा शेजारीशेजारी उमटल्या, की एक अक्षर होतं. साबणानं ठिपके गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी शेजारी दुसरी रांग होती. उजवीकडे.

तिसऱ्या दिवशी तिसरी.

मग त्यांनी अंगठ्याला पट्टी बांधली.

चौथी रांग पट्टीवर उमटली. बाहेरून.